गिझर चालूच राहतो आणि आपण बल्ब बंद करत फिरतो

लाईट आणि पाण्याच्या बिलाबद्दल काही अडलं असेल तर लिहा असं मागच्या वेळी म्हटलं होतं. पत्रं भरपूर आली आणि बहुतेकांचा सूर एकच, आम्ही एवढं जपून वापरतो तरी बिल जागचं हलत नाही. त्यातली पाच घेतलीयेत.

प्रश्न : ताई, आम्ही घरात चौघं. सासरे दिवसभर मागे फिरून लाईट बंद करतात, रिकामा चार्जर प्लगला दिसला की बोलणी बसतात. तरी दर महिन्याला युनिट तेवढेच्या तेवढे. जातायत कुठे?

उत्तर : सासऱ्यांना नमस्कार सांगा, शिस्त चांगलीच आहे, फक्त चोर सोडून संन्याशाला सुळी चाललंय. १ युनिट म्हणजे १००० वॅटची वस्तू १ तास चालली, बास, यापेक्षा जास्त त्यात काही नाही. आता ९ वॅटचा एलईडी बल्ब रोज ४ तास उगाच चालू राहिला तर महिन्याला कसंबसं १ युनिट होतं. आणि २५ लिटरचा गिझर साध्या पाण्यापासून, म्हणजे २५ डिग्रीपासून ६० डिग्रीपर्यंत तापायला एका वेळी तेवढंच १ युनिट खातो. महिनाभराची बल्बमागची धावपळ एका सकाळी आंघोळीतच संपली की हो! चार्जरचं तर बोलूच नका, मोबाईल रोज फुल चार्ज केला तरी महिन्याचं १ युनिट भरत नाही, रिकामा चार्जर म्हणजे तर काहीच नाही.

म्हणून घरात फिरताना दोनच गोष्टी बघायच्या. जे पाणी किंवा हवा गरम-गार करतं ते, आणि जे चोवीस तास चालू असतं ते. पहिल्यात गिझर, एसी, इस्त्री, हीटर, आणि वॉशिंग मशीन सुद्धा, कारण गरम पाण्याचा प्रोग्राम लावला की मशीनचा बहुतेक खर्च ड्रम फिरवण्यात नाही तर पाणी तापवण्यात जातो. रोजच्या कपड्यांना थंड पाण्याचा प्रोग्राम पुरतो, मी तरी कित्येक वर्षं तोच लावते.

गिझरचं बटण दिवसभर चालू असतं का तेवढं बघा. लोक म्हणतात थर्मोस्टॅट आहे, आपोआप बंद होतो, हो होतो, पण आतलं पाणी हळूहळू निवतं आणि तो परत चालू होतो, कोणी नळ उघडला नाही तरी. आंघोळीच्या २० मिनिटं आधी लावायचा, झालं की बंद, आणि आंघोळी एकापाठोपाठ. टेंपरेचरचा नॉब फुल्लवर असेल तर थोडा खाली आणा. एवढं कडकडीत तापवून मग त्यात निम्मं गार पाणी मिसळण्यात काय पॉईंट आहे मला कळत नाही.

दुसऱ्या यादीत, म्हणजे चोवीस तास चालणाऱ्यांत, रिमोटने बंद केलेला टीव्ही येतो. टीव्ही स्वतः गरीब आहे, पण शेजारचा सेट टॉप बॉक्स बऱ्याच घरांत रिमोटने बंद केला तरी आतून जवळजवळ तेवढाच चालू असतो. हात लावून बघा, कोमट लागेल. साधारण १० वॅट धरले तर महिन्याला ७ युनिट, म्हणजे सासऱ्यांचे सात बल्ब. रात्री त्याचं बटण भिंतीवरूनच बंद करा. फ्रिजच्या दारात कागद धरून दार लावा आणि ओढा, कागद सहज निघून आला तर रबर सैल झालंय, गार हवा बाहेर जातेय आणि कॉम्प्रेसर पळत बसतो. फ्रिज भिंतीला चिकटून असेल तर मागे थोडी जागा सोडा.

आणि पंखे. जुना पंखा ७५ वॅटच्या आसपास असतो, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरवाला, ३० च्या आसपास. दिवसभर फिरणाऱ्या खोलीतला एक आधी बदला, पाहुण्यांच्या खोलीतला राहू दे.

प्रश्न : आमचं बिल एका महिन्यात जवळपास दुप्पट आलं. घरात नवीन काही घेतलं नाही. मीटर फास्ट झालाय असं शेजारी म्हणतात. तक्रार करू का?

उत्तर : करा, पण आधी बिल हातात घेऊन मीटरसमोर उभे राहा. बिलावर मागचं रीडिंग, चालू रीडिंग आणि दोघांच्या तारखा असतात. चालू रीडिंग मीटरवरच्या आकड्यापेक्षा जास्त छापलेलं असेल तर विषय तिथेच संपला, रीडिंग चुकलंय, फोटो काढा आणि द्या. मग दिवस मोजा, कधी कधी बिल ३० ऐवजी ३८-४० दिवसांचं असतं आणि कोणी बघतच नाही. तिसरं म्हणजे आधीचं बिल सरासरीवर आलं होतं का. दार बंद होतं, रीडिंग मिळालं नाही की अंदाजे युनिट लावतात, ते कमी लावले गेले असतील तर उरलेले पुढच्या बिलात येऊन बसतात. तसं असेल तर ते युनिट दोन महिन्यांत विभागून स्लॅब, म्हणजे रेटचा टप्पा, लावलाय का हे नक्की विचारा, कारण सगळे एकाच महिन्यात धरले की उगाच वरच्या स्लॅबचा रेट लागतो.

हे सगळं ठीक असेल तर मीटर तपासायची एक घरगुती पद्धत सांगते. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी ३२०० इम्प/केडब्ल्यूएच असं काहीतरी लिहिलेलं असतं, म्हणजे १ युनिटला ३२०० वेळा लुकलुक. घरातलं सगळं बंद करा, फ्रिज आणि इन्व्हर्टर सुद्धा. आता दिवा थांबला पाहिजे. थांबला नाही तर कुठेतरी करंट लीक होतोय किंवा तुमच्या मीटरवरून दुसरं काहीतरी चालतंय, जिन्यातला दिवा, पंप, काहीही, इलेक्ट्रिशियनला बोलवा. थांबला तर १५०० वॅटची केटल भरून लावा आणि बरोबर १ मिनिट मोबाईलवर दिव्याचा व्हिडिओ काढा, नुसत्या डोळ्यांनी मोजायला गेलात तर चुकाल. हिशोबाने ८० च्या आसपास ब्लिंक यायला हवेत. व्होल्टेज कमी असेल तर ६५-७० येतील, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण १०० च्या पुढे गेले तर रीतसर मीटर टेस्टिंगचा अर्ज करा, व्हिडिओ हाताशी असू दे. तुमच्या मीटरवर दुसरा आकडा असेल तर त्याला ६० ने भागा आणि दीडने गुणा. खरं सांगायचं तर मीटर फास्ट निघणं फार क्वचित होतं, सरासरी बिलाचा घोळच जास्त.

प्रश्न : स्लॅबच्या पुढे १ युनिट जरी गेलं तरी सगळ्या युनिटना महागडा रेट लागतो हे खरं का?

उत्तर : बहुतेक ठिकाणी नाही. पहिल्या टप्प्यातले युनिट पहिल्या रेटने, पुढचे फक्त पुढच्या रेटने. पण काही ठिकाणी ठराविक आकड्याच्या वर गेलं की सगळेच युनिट वरच्या रेटने धरतात, म्हणून बिलाच्या मागची बाजू वाचा. आणि स्थिर आकार वेगळा, घर महिनाभर कुलूपबंद असलं तरी तो येणारच.

प्रश्न : पाण्याचं बिल वाढतच चाललंय. शॉवर बंद केला, बादलीवर आलो, मुलांना ओरडून झालं. प्लंबर म्हणाला लीकेज कुठेच दिसत नाही. आता काय?

उत्तर : दिसत नाही हेच तर लीकेजचं कौशल्य. माझ्याच घरी हे झालंय म्हणून सांगते. सगळे नळ कोरडे, भिंती कोरड्या, प्लंबर दोनदा येऊन पैसे घेऊन गेला, आणि पाणी जात होतं फ्लशच्या टाकीतून थेट कमोडमध्ये. आवाज नाही काही नाही, आतल्या भिंतीवर एक पातळसा पापुद्रा सरकत होता, तो सुद्धा टॉर्च मारला तेव्हा दिसला.

रात्री झोपताना फ्लशच्या टाकीत थोडा खायचा रंग टाका आणि फ्लश न करता अर्धा तास थांबा. कमोडमध्ये रंग उतरला की खालचं रबर, म्हणजे वॉशर किंवा फ्लॅपर, गेलेलं आहे. स्वस्तातली वस्तू असते. हिशोब बघा, मिनिटाला फक्त १०० मिली, अर्धा कप म्हणा, गेलं तर दिवसाला १४४ लिटर होतात आणि महिन्याला ४ हजारांच्या वर. पाण्याच्या मीटरचं १ युनिट म्हणजे १००० लिटर, तर ४ युनिट नुसते गटारात. मुलांना उगाच ओरडलात, त्यांची माफी मागा.

रंग उतरला नाही तर मीटरकडे जा. रात्री सगळे नळ बंद करून रीडिंग लिहा, सकाळी कोणी उठायच्या आत परत बघा, आकडा हलला असेल तर कुठेतरी वाहतंय. मग मीटरनंतरचा मेन व्हॉल्व्ह बंद करून तेच करा. तरी हलला तर मीटर ते व्हॉल्व्हमधला पाईप, थांबला तर पुढे घरात. आणि पाणी ठराविक वेळेलाच येत असेल तर एक गोष्ट डोक्यात ठेवा, पाणी सुटताना रिकाम्या पाईपमधली हवा आधी ढकलली जाते आणि चाकाचा मीटर त्या हवेने सुद्धा फिरतो. म्हणून पाणी यायच्या आधी नळ उघडे टाकून बसू नका.

ठिबकणाऱ्या नळाखाली २०० मिलीचा ग्लास ठेवा. १५ मिनिटांत भरला तर दिवसाला १९ लिटर, म्हणजे जवळपास एक बादली.

प्रश्न : टाकी भरली की पंप बंद करायचं कायम राहून जातं. अलार्म लावला, पण त्याचा आवाज आला तरी कोणी उठत नाही.

उत्तर : मग अलार्म घरच्यांनाच लावावा लागेल! १ एचपीचा पंप मोटरमधला लॉस धरून तासाला १ युनिटच्या आसपास खातो, म्हणजे ओव्हरफ्लो झाला की पाण्याबरोबर लाईटही वाहते, दोन्ही बिलं एकदम. वॉटर लेव्हल कंट्रोलर बसवा, सेन्सर वरच्या आणि खालच्या दोन्ही टाक्यांत टाका. खालच्या टाकीत नसला तर ती रिकामी झाल्यावर पंप कोरडाच फिरतो आणि वाइंडिंग जळतं, मग जे वाचवलं ते सगळं रिवाइंडिंगवाल्याला.