वाचक विचारतात : मोर्व्हांच्या आडवाटा, चढ आणि बारीक खडी

फ्रान्समध्ये सायकलवर फिरू पाहणाऱ्या वाचकांच्या पत्रांपैकी डोंगरझाडीतल्या शांत रस्त्यांबद्दलची पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. सगळी उत्तरं बर्गंडीतल्या मोर्व्हां या एकाच प्रदेशाला धरून दिली आहेत. खडी, पाणी आणि नियमांबद्दलचं बरंचसं फ्रान्सच्या इतर डोंगराळ भागांतही लागू पडेल.

ताम्हिणी आणि वरंध घाट नेहमीचे आहेत. जूनमध्ये कामानिमित्त पॅरिसला जाणार आहे आणि नंतर चार दिवस मोकळे आहेत. आल्प्सची गर्दी नको, झाडी हवी, गाड्या कमी हव्यात. कुठे जावं आणि रस्ते कसे निवडावेत?
— अ. जो., पुणे

मोर्व्हांला जा. ग्रॅनाइटचा जुना, झिजलेला डोंगराळ प्रदेश आहे हा. सर्वांत उंच माथा ओ-फोलें, ९०१ मीटर. १९७० पासून हे प्रादेशिक निसर्ग उद्यान आहे, पण आत गावं, गुरांची कुरणं आणि लाकूडतोड सगळं चालू असतं.

पॅरिस-बेर्सी स्टेशनहून आव्हालोंला प्रादेशिक गाडी जाते. काही गाड्या थेट असतात, काहींना वाटेत बदल असतो. साधारण तीन तास धरा. या गाड्यांत सायकल न सोडवता, फुकट नेता येते, मात्र जागा मोजक्या असतात. शुक्रवार संध्याकाळची गाडी टाळलेली बरी.

रस्ता निवडताना नुसत्या ‘डी’ क्रमांकावर जाऊ नका. ‘डी’ म्हणजे जिल्ह्याच्या ताब्यातला रस्ता, एवढंच. सोलियोवरून जाणारा डी ९०६ हा पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग ६, तर डी ९७८ ही ओतें ते शातो-शिनोंची मुख्य वाट. दोन्हींवर ट्रक असतात. आव्हालों ते लोर्म हा डी ९४४ त्यांच्यापेक्षा बरा, तरी गाड्या वेगात असतात. मिशलँचा छापील नकाशा घ्या आणि लाल रस्ते सोडून द्या. पिवळे फक्त जोडण्यापुरते वापरा, मुक्काम ते मुक्काम पांढऱ्या रस्त्यांनी जा. पांढऱ्या रस्त्याच्या कडा तुटक रेषेत असतील तर डांबराची खात्री धरू नका. नकाशात रस्त्यावर काढलेले बाण चढ सांगतात : एक बाण ५ ते ९ टक्के, दोन बाण ९ ते १३, तीन बाण त्याहून जास्त. बाण चढाच्या दिशेने असतो. फोनवरच्या ॲपने आखलेला मार्ग या नकाशावर एकदा ताडून पाहा, कारण ॲपला डांबरी वाट आणि जंगलातला ट्रॅक्टरचा माग यांतला फरक नेहमी कळतोच असं नाही.

चार दिवसांसाठी ही फेरी चांगली. आव्हालोंतून थेट वेझलेला जाणारा डी ९५७ न धरता आधी कुझें नदीच्या खोऱ्यात उतरा. जुन्या पाणचक्क्यांच्या शेजारून जाणारा डी ४२७ तुम्हाला पोंतोबेरला काढतो. तिथून वेझले. टेकडीवरचं हे गाव आणि त्याचं चर्च १९७९ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे, आणि शेवटचा चढ गल्लीतून असल्याने जीव काढतो. दुसऱ्या दिवशी सां-पेरला उतरून क्यूर नदीच्या काठाने पिएर-पेर्तुई, मग बाझोश, लोर्म. तिसऱ्या दिवशी लहान रस्त्यांनी शोमसों तलावाकडून मोंसोश आणि सेतों तलाव. सेतोंचं धरण एकोणिसाव्या शतकातलं आहे. इथलं जळाऊ लाकूड नदीत सोडून पॅरिसपर्यंत वाहून नेत, त्या वेळी पाण्याला जोर यावा म्हणून ते बांधलं. चौथ्या दिवशी कारे-ले-तोंबवरून परत आव्हालों. सगळं मिळून साधारण १३० किलोमीटर. आकडा लहान वाटेल, तर पुढचं उत्तर वाचा.

९०१ मीटर म्हणजे तर आपल्या कळसूबाईच्या निम्म्याहून थोडं जास्त. पुढे ५२/३६ आणि मागे ११–२८ अशा दात्यांच्या गिअरवर चालेल ना?
— स. गा., नाशिक

सामान नसेल तर निभेल. सामान असेल तर नाही.

सह्याद्रीचा घाट एकदा चढला की वर पठार मिळतं. मोर्व्हांत वर काहीच मिळत नाही. नद्यांनी प्रदेश चिरलेला आहे आणि आडवा रस्ता प्रत्येक खोऱ्यात उतरून पुन्हा चढतो. एक ते चार किलोमीटरचे चढ, ५ ते ८ टक्क्यांचे, मध्येच दोनशे मीटर ११ टक्के, आणि असे दिवसातून दहा-बारा. किलोमीटरमागे १५ मीटर चढ धरा. ७० किलोमीटरला हजारावर मीटर होतात.

आता गिअरचं गणित. स्वार, सायकल आणि सामान मिळून ९० किलो, चढ ८ टक्के, पायडल मिनिटाला ६० फेरे. ३६ × २८ वर (पुढे ३६ दाते, मागे २८) वेग ताशी साडेनऊ-दहा किलोमीटर येतो आणि त्यासाठी सुमारे २१० वॅट लागतात. ३४ × ३४ वर तेच फेरे ठेवून ताशी साडेसात आणि सुमारे १६५ वॅट. २१० वॅट दिवसाच्या पहिल्या चढाला कुणीही देईल. नवव्या चढाला फेरे ४५ वर येतात, जोर गुडघ्यांवर जातो आणि तिसऱ्या दिवशी गुडघा बोलू लागतो. म्हणून ५०/३४ आणि ११–३४. बदलण्याआधी मागच्या डिरेलरची (गिअर बदलताना चेन सरकवणाऱ्या भागाची) क्षमता मात्र तपासा. आखूड पिंजऱ्याचे बरेच जुने डिरेलर २८ किंवा ३० दात्यांच्या पुढे घेत नाहीत, आणि मोठ्या कॅसेटला (मागच्या दातेरी चक्रांच्या संचाला) चेनही लांब लागते. जुनीच चेन ठेवली तर पुढची मोठी चेनरिंग आणि मागचं मोठं स्प्रॉकेट चुकून एकत्र पडताच डिरेलर उपटून निघतो.

वेळेचा अंदाज सरासरी वेगावरून काढू नका. ताशी ५०० ते ६०० मीटर चढाई हा सराव असलेल्या सामान्य स्वाराचा दम. हजार मीटरला दोन तास निव्वळ चढायला जातात, बाकी अंतराचा वेळ वेगळा.

गेल्या उन्हाळ्यात इथे फ्रान्समध्येच उतारावरच्या नव्या खडीवर सायकल घसरली. पाटी होती, पण इतकी खडी असेल असं वाटलं नाही. अशा वेळी काय करावं?
— मी. कु., लिओं

‘ग्राव्हियों’ (बारीक खडी) अशी पाटी दिसली की तिच्यावर विश्वास ठेवा. लहान रस्ते इथे नव्याने डांबरत नाहीत. गरम डांबराचा फवारा मारून वर काही मिलिमीटरची खडी पसरतात, आणि ती दाबायचं बरंचसं काम येणाजाणाऱ्या गाड्यांवर सोडतात. गाड्याच कमी म्हणून जो रस्ता तुम्ही निवडला, तिथे खडी बसायलाही जास्त दिवस लागतात. ही कामं मे ते सप्टेंबर, कोरड्या गरम दिवसांत होतात, म्हणजे नेमकी सायकलच्या हंगामात.

खडी सगळीकडे सारखी नसते. गाड्यांच्या चाकांखालचे दोन पट्टे आधी साफ होतात. मधोमध, कडेला आणि वळणाच्या बाहेरच्या अंगाला ढीग साचतो. उतारावर वेग वळणाआधी, सायकल सरळ असताना कमी करा, आणि वळणात पुढचा ब्रेक दाबू नका. चाकाच्या पट्ट्यातच राहा. पट्टा बदलायचाच असेल तर सरळ भागात, हँडल न झुकवता. समोरून गाडी आली तर वेग अगदी कमी करा, कारण उडालेला खडा डोळ्याला लागतो. साधा पारदर्शक चष्मा चेहऱ्यावर असू द्या.

उन्हाने डांबर पाझरत असेल तर खडे टायरला चिकटून मडगार्डमध्ये अडकतात. टायर आणि मडगार्डमध्ये निदान ८–१० मिलिमीटर मोकळीक हवी. खडीचा भाग संपला की थांबून टायर हाताने फिरवून पाहा. रुतलेला खडा तेव्हा काढला नाही तर काही किलोमीटरनंतर तोच पंक्चर करतो. टायर २८ पेक्षा ३२ मिलिमीटरचा बरा. ७० किलोच्या स्वाराने त्यात ट्यूबसह ६० ते ६५ पीएसआय हवा ठेवावी. खडबडीत डांबरावर १०० पीएसआय भरून वेग वाढत नाही, मनगटं तेवढी दुखतात.

मोर्व्हांत आणखी एक धोका आहे, लाकूडतोडीचा. डग्लस फरची मोठी लागवड आहे आणि ओंडक्यांचे ट्रक जंगलवाटेतून डांबरावर येतात. त्या तोंडाशी चिखल आणि साल पडलेली असते. पावसात ती साबणासारखी निसरडी होते. गर्द सावलीतल्या वळणांवर शेवाळ दुपारपर्यंत ओलंच राहतं. ग्रॅनाइटची ओली रेती डिस्क ब्रेकचे रेझिन पॅड भराभर खाते, म्हणून पॅडची एक जोडी बरोबर असावी. गावात मिळेल या भरवशावर राहू नका.

आम्ही दोघं साठीच्या आसपास, शाकाहारी. वाटेत पाणी आणि जेवण मिळतं का?
— शा. व वि. पा., कोल्हापूर

पाणी मिळतं, जेवणाला घड्याळ आहे.

प्रत्येक गावाला दफनभूमी असते आणि तिच्या फाटकाजवळ बहुधा नळ. ‘ओ नों पोताब्ल’ लिहिलं असेल तर ते पिण्याचं नाही. अशा नळावर फक्त टोपी भिजवा. कडाक्याच्या थंडीत हे नळ बंद असू शकतात. माणशी ७५० मिलिलिटरच्या दोन बाटल्या पुरतात.

गावातलं किराणा दुकान आणि बेकरी दुपारी साडेबारा ते तीनच्या दरम्यान बंद असते, सोमवारी पुष्कळदा दिवसभर, आणि रविवारी दुपारनंतर जवळजवळ सगळंच. म्हणून शनिवारीच रविवार संध्याकाळ आणि सोमवार सकाळचं खाणं घेऊन ठेवा. ब्रेड, चीज, टोमॅटो, केळी, सुका मेवा. उपाहारगृहात दुपारचं जेवण साधारण बारा ते दीडच. घरगुती मुक्कामाच्या ठिकाणी आदल्या दिवशी फोन करून ‘मांस नाही, मासे नाहीत’ असं दोन्ही वेगळं सांगा. नुसतं शाकाहारी म्हटलं तर ताटात मासा येऊ शकतो. ऑम्लेट चालत असेल तर निम्मा प्रश्न सुटतो.

भाड्याची सायकल घेणार आहे. नियमांत आपल्यापेक्षा वेगळं काय, आणि महिना कोणता?
— प्रा. ना., ठाणे

आधी ब्रेक. भारतात सहसा उजवा लिव्हर पुढच्या चाकाचा असतो, फ्रान्समध्ये सहसा मागच्या. दुकानातून निघण्याआधी मोकळ्या जागेत दहा वेळा थांबून पाहा.

चालायचं उजव्या बाजूने. चुका होतात त्या सकाळी रिकाम्या रस्त्यावर निघताना आणि चौकात डावीकडे वळताना. गावात पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याचा हक्क आधी, मग ती बारीक गल्ली का असेना. गावाबाहेर रात्री किंवा धुक्यात चमकणारं जाकीट सक्तीचं आहे, कानात इअरफोन घालायला बंदी आहे, आणि घंटी हवी. मागची गाडी ओलांडताना गावाबाहेर दीड मीटर अंतर ठेवायला बांधील आहे. त्यासाठी तिला अखंड पांढरी रेघ ओलांडण्याचीही मुभा आहे, तेव्हा अगदी कडेच्या खडीत सरकू नका.

मे अखेर ते जून, किंवा सप्टेंबर. सप्टेंबरपासून फेब्रुवारी अखेरपर्यंत शिकारीचा हंगाम असतो, विशेषतः शनिवार-रविवारी. ‘शास आँ कूर’ (शिकार चालू आहे) अशी पाटी दिसली तर डांबरी रस्त्याने पुढे जा, पण जंगलातल्या आडवाटेला वळू नका, आणि अंगात भगवं किंवा गुलाबी असू द्या. त्या दिवसांत हाकाऱ्यांनी उठवलेलं रानडुक्कर अचानक रस्त्यावर येतं. एक रस्ता ओलांडून गेलं की लगेच निघू नका, मागोमाग बाकीचा कळप येत असतो.