कोंबडीनं अंडी बंद केली? औषध देण्याआधी तिला हातात घ्या

अंडी थांबली की पहिला प्रश्न हमखास येतो, ‘कोणतं टॉनिक देऊ?’ बहुतेक वेळा टॉनिकची गरजच नसते. कोंबडी अंडी का देत नाही ते तिच्या अंगावर, खुराड्यात नाहीतर खाद्याच्या भांड्यात दिसतं. या वेळच्या प्रश्नांपैकी काहींची उत्तरं देत आहे.

प्रश्न : माझ्या चार कोंबड्या दीड वर्षाच्या आहेत. आतापर्यंत छान अंडी देत होत्या. दोन आठवड्यांपासून एकही अंडं नाही आणि खुराडंभर पिसं पडलेली असतात. मान तर उघडीच पडली आहे. काही रोग असेल का?

वर्णनावरून त्या पिसं टाकत आहेत. साधारण दीड वर्षाच्या सुमारास पहिल्यांदा मोठी पीसगळ होते आणि नंतर बहुधा दरवर्षी होते. सुरुवात डोक्यापासून आणि मानेपासून होते, मग छाती, पाठ, पंख आणि शेवटी शेपटी. पीस जवळजवळ सगळं प्रथिनांचंच बनलेलं असतं. अंगभर नवी पिसं आणायची आणि शिवाय अंडीही द्यायची, हे शरीराला झेपत नाही. म्हणून अंडी थांबतात. ही विश्रांती दोन ते चार महिने चालते.

एक खात्री मात्र करून घ्या. गळलेल्या जागची पिसं हलक्या हातानं बाजूला सारून बघा. कातडीतून बारीक, टोकदार, निळसर नळ्या वर येताना दिसल्या तर ती नवी पिसं आहेत आणि काळजीचं कारण नाही. त्या नळ्यांमध्ये रक्त असतं, दाबल्या तर कोंबडीला दुखतं, त्यामुळे या दिवसांत तिला उगाच उचलू नका. कातडी लाल झाली असेल, खपल्या असतील किंवा पिसांच्या बुडाशी अंड्यांचे पांढरे पुंजके चिकटलेले असतील, तर ती पीसगळ नव्हे, उवांचा त्रास आहे.

या काळात प्रथिनं जास्त असलेलं खाद्य द्या. नव्या कोंबड्या कळपात सोडणं, खुराडं हलवणं असले बदल पुढे ढकला.

प्रश्न : दिवस लहान झाले की अंडी कमी होतात. रात्रभर दिवा लावून ठेवला तर चालेल का?

रात्रभर नको. प्रकाश डोळ्यांतून तर जातोच, पण कवटीतून थेट मेंदूपर्यंतही पोचतो आणि तिथून अंडाशयाला इशारा मिळतो. चांगल्या उत्पादनासाठी दिवसाला १४ ते १६ तास उजेड लागतो. त्याहून जास्त देऊन काही मिळत नाही, उलट झोप मोडलेल्या कोंबड्या चिडतात आणि एकमेकींना टोचतात. लहानसा दिवा पहाटे लावा. संध्याकाळी लावलेला दिवा एकदम बंद झाला की त्या अंधारात चाचपडतात, बसायच्या दांडीवर चढता येत नाही. वेळ हळूहळू वाढवा, आठवड्याला अर्धा-एक तास. वयात न आलेल्या तलंगांना, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्यांना, मात्र जादा उजेड देऊ नका. शरीर तयार होण्याआधी अंडी सुरू झाली तर अंडनलिका बाहेर येण्याचा धोका असतो.

माझं मत विचाराल तर घरच्या चार कोंबड्यांना ही विश्रांती मिळू द्यावी.

प्रश्न : खायला भरपूर घालतो. धान्य असतं, घरातलं उरलेलं अन्नही असतं. तरी अंडी पातळ कवचाची आणि कमी. असं का?

पोट भरतं, पण अंड्याला लागणारं मिळत नाही. अंड्यावरच्या कोंबडीला १६ ते १८ टक्के प्रथिनं लागतात. नुसत्या धान्यात ती जवळपास निम्मीच असतात. एका कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम असतं. खाद्यातून ते पुरलं नाही तर कोंबडी स्वतःच्या हाडांतून काढते. तेव्हा मुख्य आहार लेअर खाद्याचाच, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांसाठी मिळणाऱ्या तयार खाद्याचाच, ठेवा. धान्य आणि उरलंसुरलं संध्याकाळी, मूठभर. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा, ज्या कोंबडीला हवा ती खाते.

आणि पाणी. अंड्याच्या आतला जवळजवळ तीन चतुर्थांश भाग पाण्याचा असतो. कडक उन्हाच्या दिवशी भांडं काही तास कोरडं राहिलं तरी त्याचा परिणाम पुढच्या दिवसांच्या अंड्यांवर दिसू शकतो. भांडं सावलीत ठेवा.

प्रश्न : एक कोंबडी अंडी घालायच्या पेटीतून उठतच नाही. जवळ गेलं की फुगते आणि चोच मारते.

खुडूक बसली आहे, म्हणजे तिला अंडी उबवायची आहेत. पिल्लं हवी असतील तर फलित अंडी तिच्याखाली ठेवा, २१ दिवसांत फुटतील. नको असतील तर तिला तीन-चार दिवस जाळीच्या तळाच्या, खालून वारा लागेल अशा पिंजऱ्यात ठेवा. आत गवत-भुसा काही नको, खाणं-पाणी मात्र पूर्ण हवं. पाण्यात बुडवण्याचा उपाय अनेक जण सांगतात. तो करू नका, कोंबडी घाबरते आणि आजारीही पडू शकते.

प्रश्न : कोंबडा नाही, म्हणून अंडी थांबली असतील का?

नाही. कोंबडा फक्त अंडं फलित होण्यासाठी लागतो.

प्रश्न : सहा कोंबड्यांत कोण अंडी देत नाही, हे कसं ओळखायचं?

संध्याकाळी एकेकीला काखेत धरा आणि शेपटीखाली बघा. अंडी देणाऱ्या कोंबडीचं छिद्र मोठं, ओलसर आणि फिकट असतं. त्याच्या दोन्ही बाजूंना हाडांची दोन टोकं लागतात. त्यांच्यात दोन-तीन बोटं सहज बसली तर ती अंड्यावर आहे. जेमतेम एक बोट मावलं आणि छिद्र आक्रसलेलं, कोरडं असलं तर नाही. तुराही बघा : अंड्यावरच्या कोंबडीचा लाल, टवटवीत असतो, थांबलेलीचा आखडलेला आणि फिका.

सगळ्या जणी अंड्यावर आहेत आणि पेटी तरी रिकामी, असं दिसलं तर झुडपात, लाकडांच्या ढिगामागे शोधा. मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्या आडोशाला जागा धरतात. काही दिवस दुपारपर्यंत खुराड्यातच ठेवल्या की पेटीची सवय परत लागते. पेटीत ओलं कवच किंवा बलक सांडलेला सापडला तर त्यांच्यातलीच कोणी अंडी खाते आहे. अंडी दिवसातून दोन-तीनदा उचला आणि पेटीत अंधार करा.

प्रश्न : तीन दिवसांत सगळ्यांचीच अंडी घटली. काही शिंकतात, कवचावर सुरकुत्या आहेत.

इथे घरगुती उपाय नकोत. हा श्वसनाचा संसर्ग असू शकतो. सुरकुतलेलं कवच आणि पाण्यासारखा पातळ पांढरा बलक ही संसर्गजन्य ब्रॉंकायटिसची खूण आहे, पण अंडी एकदम घटणं राणीखेत या कोंबड्यांच्या विषाणूजन्य रोगातही दिसतं. मान वाकडी होणं, हिरवी हगवण किंवा अचानक मरतूक दिसली तर त्याच दिवशी पशुवैद्यकांना कळवा. शिंकणाऱ्या कोंबड्या वेगळ्या ठेवा, त्यांचं काम सगळ्यात शेवटी करा आणि त्यानंतर हात-पाय धुऊनच दुसरीकडे जा. औषध सुरू झालं की किती दिवस अंडी खायची नाहीत, हे डॉक्टरांना त्याच वेळी विचारून घ्या.