कोल्हापुरात राहून मुलगी कॉन्सर्ट पियानिस्ट होऊ शकेल का? वय नऊ, दोन वर्षं कीबोर्ड शिकतेय.
सुरुवात इथं होईल, पुढचं शिक्षण नाही. आधी तो 61 पट्ट्यांचा कीबोर्ड बाजूला ठेवा. पियानोला 88 पट्ट्या, त्याही जड. हलक्या पट्टीवर तयार झालेली करंगळी पियानोवर दोन मिनिटांत दमते. आमच्या घरी हेच झालं. परवडत नसेल तर जड पट्ट्यांचा डिजिटल पियानो घ्या. आपल्या पावसाळ्यात लाकडी पियानोचा सूर हलतोच, वर सूर लावून देणारा ट्यूनर शोधत फिरा!

लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संगीत परीक्षांतली शेवटची, आठवी ग्रेड म्हणजे जेमतेम संगीत महाविद्यालयाचा उंबरा. तिथून पुढं रोज चार-पाच तास रियाझ. पोलंडमधल्या वॉर्सातल्या शोपँ या मोठ्या पियानो स्पर्धेला तिशीपर्यंतच उतरता येतं, तीही पाच वर्षांतून एकदा. बहुतेकांचं पोट मात्र शिकवण्यांवरच चालतं. देवल क्लबसारखी संगीतसंस्था असलेल्या गावाला हे काय सांगायचं!