टीबीची चाचणी आधी, जॅकची गोळी नंतर

प्रश्न : आई ५८ वर्षांची आहे, तिला मधुमेह आहे. रूमेटॉइड आर्थ्रायटिसला (सांधे सुजवणाऱ्या संधिवाताला) मेथोट्रेक्सेट हे औषध पुरेना, म्हणून डॉक्टरांनी टोफासिटिनिब ही जॅक नावाची एन्झाइम्स रोखणारी गोळी सुचवली, पण आधी टीबीची तपासणी करायला सांगितली. एन्झाइम रोखणाऱ्या गोळीचा टीबीशी काय संबंध? (एक वाचक, सांगली)

उत्तर : संबंध थेट आहे. इंटरल्युकिन-६, इंटरफेरॉन यांसारखे सायटोकाइन (पेशींमध्ये निरोप नेणारी प्रथिनं) पेशीच्या बाहेरून रिसेप्टरला चिकटले की आतली जॅक एन्झाइम्स कामाला लागतात. ती निरोप पुढे नेणाऱ्या स्टॅट प्रथिनांना फॉस्फेट जोडतात, मग स्टॅट केंद्रकात जाऊन दाहाची जनुकं चालू करतात. टोफासिटिनिब जॅकमधली एटीपीची (फॉस्फेट पुरवणाऱ्या रेणूची) जागा अडवतं आणि हे सगळं मंदावतं. पण टीबीचे सुप्त जिवाणू फुप्फुसात कोंडून ठेवणारा इंटरफेरॉन-गॅमासुद्धा जॅक-१ आणि जॅक-२ यांच्यामार्फतच काम करतो. सूज उतरते, तसा तो पहाराही ढिला पडतो.

म्हणून आयग्रा (रक्ताची) किंवा मांटू (त्वचेवरची) चाचणी आणि छातीचा एक्स-रे. स्टेरॉइड चालू असेल तर मांटू खोटी निगेटिव्ह येऊ शकते, हे डॉक्टरांना आठवणीने सांगा. सुप्त टीबी निघाला तर त्याचं औषध सहसा महिनाभर घेऊन मग ही गोळी सुरू करतात. इथे एक अडचण येते. टीबीवरचं रिफॅम्पिसिन यकृतातलं औषधं मोडणारं सिप-३ए४ हे एन्झाइम वाढवतं आणि टोफासिटिनिब रक्तात टिकतच नाही. टीबीवरचंच आयसोनियाझिड चालतं, पण मेथोट्रेक्सेटसोबत यकृतावर ताण येतो, तेव्हा एसजीपीटीवर (यकृताच्या रक्तचाचणीवर) लक्ष हवं. उलट, गजकर्णासाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या इट्राकोनॅझोलने टोफासिटिनिबची पातळी चढते. एरवी ५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा असतं, ते तेव्हा एकदाच द्यावं लागतं. त्वचेच्या डॉक्टरांना ही गोळी दाखवल्याशिवाय औषध घेऊ नका.

हिमोग्लोबिन ९ च्या खाली, पांढऱ्या पेशींपैकी न्यूट्रोफिल १००० च्या किंवा लिम्फोसाइट ५०० च्या खाली असतील तर गोळी सुरू करत नाहीत. हिपॅटायटिस बी व सी यांची तपासणीही आधीच. सुरू केल्यावर ४ ते ८ आठवड्यांनी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि कोलेस्टेरॉल, पुढे दर तीन महिन्यांनी सीबीसी. नागिणीची, जिवंत विषाणू नसलेली लस आधीच घेतलेली बरी.

आमच्या मते तुमचा खरा प्रश्न वेगळाच असायला हवा. पन्नाशीपुढच्या आणि हृदयविकाराचा किमान एक धोका असलेल्या रुग्णांच्या चाचणीत टीएनएफ (दाह वाढवणारा एक सायटोकाइन) रोखणाऱ्या इंजेक्शनांपेक्षा या गोळीवर हृदयविकार आणि कर्करोग जास्त दिसले. अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेने सप्टेंबर २०२१ मध्ये इशारा कडक केला आणि ही इंजेक्शनं निष्फळ ठरल्यावरच गोळी द्यावी असं सांगितलं. आई मधुमेही आहेत, आणि मधुमेह हाही हृदयविकाराचा एक धोकाच. तेव्हा टीएनएफचं इंजेक्शन आधी का नाही, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. टीबीची तपासणी मात्र त्यासाठीही लागतेच.

प्रश्न : गोळी चालू असताना ताप आला तर? (तेच वाचक)

उत्तर : लगेच डॉक्टरांना कळवा. सीआरपी (रक्तातलं दाह दाखवणारं प्रथिन) नॉर्मल आला म्हणून निर्धास्त राहू नका. यकृत सीआरपी बनवतं ते इंटरल्युकिन-६ च्या इशाऱ्यावर आणि तोच इशारा या गोळीने दाबलेला असतो. गंभीर संसर्गात डॉक्टर गोळी थांबवतात. तिचं अर्धायुष्य सुमारे तीन तास असल्याने ती लवकर उतरते.