लातूरमधल्या लहान डाळमिलला राज्याकडून करात नेमके काय मिळते?

लातूर जिल्ह्यात दीड कोटींची डाळमिल उभारताना ‘राज्य सरकार जीएसटी परत करते’ हे मित्राचे म्हणणे खरे मानावे, की ‘तुम्हाला त्यातले काही मिळणार नाही’ हे सीएंचे, असे तुम्ही विचारले आहे. मी मराठवाड्यातील लघुउद्योगांचे कराचे काम पाहतो. दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत, आणि फरक पडतो तो तुमच्या डाळीमुळे.

राज्य सरकारच्या उद्योगांसाठीच्या 1993 च्या प्रोत्साहन योजनेत विक्रीकर माफ तरी होत असे किंवा लांबणीवर तरी टाकता येत असे. 1 जुलै 2017 रोजी जीएसटी आल्यावर एखाद्या कारखान्यापुरती अशी माफी देण्याची सोय राज्याकडे उरली नाही. त्यामुळे आता कर आधी पूर्ण भरायचा आणि नंतर त्याच्या प्रमाणात अनुदान मागायचे, अशी रीत आहे. 2019 च्या सामूहिक प्रोत्साहन योजनेत याला औद्योगिक प्रोत्साहन अनुदान म्हटले आहे. ते महाराष्ट्रातच बिल होऊन महाराष्ट्रातच पोचवलेल्या पहिल्या विक्रीवरील राज्य जीएसटीच्या हिशेबाने मिळते आणि त्याला तुमच्या भांडवली गुंतवणुकीशी जोडलेली कमाल मर्यादा असते. पुण्या-मुंबईच्या विकसित पट्ट्यापेक्षा मराठवाड्याचे झुकते माप आहे, यात शंका नाही.

पण सुट्या तूरडाळीवर जीएसटीच नाही. 18 जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या, आधीच पॅक करून लेबल लावलेल्या डाळीवर 5 टक्के कर आहे. मोठ्या पोत्यांतून आडत्याकडे जाणारा माल त्यात येत नाही. म्हणजे तुमची बहुतेक डाळ 30 किंवा 50 किलोच्या पोत्यांतून जाणार असेल, तर जो कर भरलाच नाही त्याचे अनुदान कसले मागणार? एक किलोच्या पाकिटांची 1 कोटीची विक्री राज्यात झाली, तर राज्य जीएसटी (5 टक्क्यांतला राज्याचा निम्मा वाटा) 2.5 लाख होतो. तोच माल हैदराबादला गेला तर राज्याबाहेरच्या विक्रीवरचा एकात्मिक जीएसटी लागतो आणि या अनुदानाच्या हिशेबात तो धरला जात नाही. केवळ अनुदानासाठी पॅकिंगचे यंत्र घेण्याचा सल्ला मी देणार नाही. पाकिटांना गिऱ्हाईक असेल तरच ते घ्यावे.

डाळमिलला खरा उपयोग होतो तो ज्या सवलतींची चर्चा कमी होते त्यांचा. 2019 च्या योजनेत वीजशुल्कातून, म्हणजे वीजबिलावर राज्य लावत असलेल्या करातून, सूट आहे. त्याशिवाय मराठवाड्यातील सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांना तीन वर्षे युनिटमागे 1 रुपया वीजदर अनुदान ठेवलेले आहे. मुदत कर्जावर 5 टक्क्यांपर्यंत व्याज अनुदान आहे, मात्र ते त्या वर्षी भरलेल्या वीजबिलाच्या रकमेपेक्षा जास्त मिळत नाही, ही मेख पुष्कळांना कर्ज उचलल्यावर कळते. मुद्रांक शुल्काची माफी हवी असेल, तर जिल्हा उद्योग केंद्राचे प्रमाणपत्र दस्त नोंदवण्यापूर्वी हातात असले पाहिजे. माझ्या एका पक्षकाराने मुहूर्त चुकू नये म्हणून खरेदीखत आधी नोंदवले आणि शुल्क पूर्ण भरून बसला. मुहूर्त फार महाग पडला.

अनुदानाची रक्कम अंदाजपत्रकातील तरतुदीप्रमाणे येते, त्यामुळे बँकेच्या हप्त्याचे गणित तिच्यावर बसवू नका. शिवाय 2015-16 पासून सरकारी अनुदान हे आयकरात उत्पन्न धरले जाते. यंत्राच्या किमतीतून वजा होणारे अनुदान तेवढे त्याला अपवाद आहे.

2019 च्या या योजनेची मूळ मुदत 31 मार्च 2024 पर्यंत होती. म्हणून उद्यम नोंदणी (केंद्र सरकारची लघुउद्योगांची नोंदणी) करून जिल्हा उद्योग केंद्रात जा, तुमचा अर्ज आज कोणत्या शासन निर्णयाखाली घेतला जाईल हे विचारा आणि त्या निर्णयाची प्रत घेऊनच सीएंकडे परत बसा. जमिनीचे खरेदीखत तोवर थांबवा.