शीटच्या आत, शीटच्या बाहेर : कीकॅड या सर्किट-आराखड्याच्या सॉफ्टवेअरविषयी तुमचे प्रश्न

प्रश्न : मोटार ड्रायव्हरची (मोटार चालवणाऱ्या सर्किटची) एकच शीट, म्हणजे आराखड्याचं पान, दोनदा वापरली. मायक्रोकंट्रोलरच्या दोन वेगळ्या पिना दिल्या, तरी दोन्ही मोटारी एकदमच फिरतात. ईआरसीत (जोडण्यांच्या आपोआप होणाऱ्या तपासणीत) एकही चूक दिसत नाही.

शीट उघडा आणि सिग्नलच्या मार्गातला रेझिस्टर ओलांडून ड्रायव्हर आयसीच्या इनपुटपर्यंत या. तिथल्या तारेला नाव देताना बहुतेक ग्लोबल लेबल लावलं गेलंय. ग्लोबल लेबल शीटची हद्द मानत नाही. शीट दोनदा आली, नाव तेच राहिलं, म्हणून दोन्ही आयसींची इनपुट एकमेकांना जोडली गेली. एका पिनेवर ३.३ व्होल्ट, दुसरीवर शून्य आणि रेझिस्टर सारखे असतील, तर दोन्ही इनपुटवर १.६५ व्होल्ट येतात. ते धड हायही नाहीत आणि लोही नाहीत. ईआरसी गप्प राहतं, कारण रेझिस्टरच्या पिना पॅसिव्ह (स्वतः सिग्नल न देणाऱ्या) आहेत आणि पुढे नुसती इनपुट आहेत.

लेबल लोकल (त्याच शीटपुरतं) करा. मग नेटच्या (एकमेकांना जोडलेल्या तारांच्या गटाच्या) नावाआधी त्या त्या शीटचं नाव लागतं आणि दोन नेट वेगळे होतात. मी स्वतः ग्राउंड आणि पुरवठा सोडून काहीही ग्लोबल ठेवत नाही. बाकी सगळं शीटच्या चौकटीवरच्या पिनेतूनच बाहेर यावं, म्हणजे वरची शीट पाहताच कोण कोणाशी जोडलंय ते कळतं.

प्रश्न : शीटच्या आत लेबल लावलं, पण वरच्या शीटवरच्या तिच्या चौकटीवर पिन येत नाही.

ते लेबल हायरार्किकल (वरच्या शीटशी जोडणारं) हवं. मग चौकटीवर त्याची पिन आणावी लागते. आठव्या आवृत्तीपासून शीटच्या पिना सिंक करण्याची, म्हणजे आतल्या लेबलांशी जुळवण्याची, सोय आहे. नंतर नाव बदललंत तर पुन्हा सिंक करा. स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक पडला तरी जोडणी तुटते.

प्रश्न : बोर्डाबाहेर जाणाऱ्या सिग्नलसाठी सगळ्यात वरच्या शीटवर हायरार्किकल लेबल लावलं, तर ईआरसी तक्रार करतं.

बरोबरच आहे. त्या शीटच्या वर दुसरी शीटच नाही, मग लेबल जोडायचं कशाशी? बोर्डाच्या खऱ्या पिना म्हणजे कनेक्टर. तार तिथपर्यंत न्या. पुरवठाही कनेक्टरमधूनच येत असेल, तर त्या नेटवर आणि ग्राउंडवर पॉवर फ्लॅग (इथून पुरवठा येतो असं सांगणारी खूण) लावा. कनेक्टरची पिन पॅसिव्ह असल्याने पुरवठा कुठून येतो हे ईआरसीला कळत नाही.

प्रश्न : दोनदा वापरलेल्या शीटपैकी एकीतच रेझिस्टरची किंमत बदलता येईल का?

थेट नाही. फाइल एकच आहे, त्यामुळे किंमत दोन्हीकडे बदलते. फक्त आर१, आर२ असे क्रमांक वेगळे राहतात. किंमत खरोखरच वेगळी हवी असेल, तर फाइलची प्रत करून तिची वेगळी शीट घ्या.