काम जास्त आहे की हातात काही नाही, ते आधी बघ

तू लिहिलंस की नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या कारखान्यात प्लॅनिंगला आहेस, सहा महिन्यांपासून पहाटे चारला जाग येते, छाती धडधडते, रविवारीसुद्धा कंपनीच्या ग्रुपवर मेसेज वाजला की पोटात गोळा येतो. सोमवारी राजीनामा टाकू का, असं विचारतोस. वयाने मोठा आहे म्हणून एकेरीत लिहितो. सातपूर आणि अंबड मिळून २६ वर्षं मी क्वालिटीत काढली आहेत.

आधी डॉक्टरकडे जा. धडधड ताणाचीच आहे असं धरून चालू नकोस. बीपी, साखर, थायरॉईड, ईसीजी, सगळं करून घे. मी वर्षभर डोकेदुखीला चष्म्याचा नंबर समजत होतो आणि बीपी १६० वर १०० निघाला.

आता मूळ मुद्दा. सुरुवातीला मी बारा-बारा तास उभा राहून तपासणी करायचो. थकायचो, पण घरी जाऊन गाढ झोपायचो. खरा त्रास इनचार्ज झाल्यावर सुरू झाला. काम उलट कमी होतं, पण रिजेक्शन वाढलं की जाब मला आणि मशीन थांबवायचा अधिकार मात्र दुसऱ्याला. तेव्हा माझीही झोप अशीच तुटायची. पुढे वाचनात आलं की रॉबर्ट कारासेक नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७९ मध्ये नेमकं हेच मांडलंय: मागणी मोठी आणि निर्णयाची मुभा कमी, ही जोडी माणसाला सर्वांत जास्त पोखरते. ब्रिटनमधल्या सरकारी नोकरांवरच्या व्हाइटहॉल अभ्यासांतही हृदयविकार वरच्या साहेबांपेक्षा खालच्या श्रेणीत जास्त आढळला, आणि कामावर ताबा नसणं हे त्यामागचं एक मोठं कारण निघालं.

माझ्यापुरतं उत्तर एका कागदावर मिळालं. सलग तीन पीस नापास झाले तर क्वालिटीने मशीन थांबवायचं, कुणाला विचारायचं नाही. एवढं एक वाक्य साहेबांच्या सहीने लाइनवर लागलं. त्यासाठी मला चार महिने मागे लागावं लागलं. काम तेवढंच राहिलं, पण झोप परत आली.

म्हणून दोन आठवडे एक वही ठेव. प्लॅन कोणी बदलला, किती वाजता, त्यामुळे काय अडलं, आणि त्यात तुझ्या हातात काय होतं, एवढंच लिही. मला वाटतं, मार्केटिंगवाले संध्याकाळी ऑर्डर घुसवतात आणि सकाळच्या मीटिंगला डिस्पॅच चुकल्याचा जाब तुला विचारतात, हेच निघेल. मग वही घेऊन साहेबांकडे एकटा जा, सकाळी, डोकी थंड असताना. 'खूप लोड आहे' असं सांगू नकोस, ते सगळेच सांगतात. सांग, 'दुपारी चारनंतर उद्याच्या प्लॅनमध्ये बदल नको. करायचाच असेल तर कोणती ऑर्डर मागे टाकायची ते तुम्ही सांगा.' ग्रुपचंही त्याच वेळी ठरवून घे: तातडीचं असेल तर फोन करा, मेसेज सकाळी बघेन.

घरी जाण्याआधी मध्ये थोडी जागा ठेव. मी पांडवलेण्याच्या पायथ्याशी गाडी लावून पायऱ्या चढायचो, वीस मिनिटं. टपरीवर चहाला थांबलास तर तिथे पुन्हा कंपनीच निघते. आणि झोपेसाठी पेग घेत असशील तर सोड. डोळा लागतो, पण उत्तररात्रीची झोप त्यानेच मोडते.

तू शेवटी लिहिलंस की 'हल्ली कामाचं काहीच वाटत नाही'. त्याची मला जास्त काळजी वाटते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची जी लक्षणं दिली, त्यांत पार गळून जाणं, कामाबद्दल तुटलेपण किंवा कडवटपणा आणि आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं, ही तिन्ही आहेत. तिन्ही जुळत असतील तर सुट्टी घे आणि मानसोपचारतज्ज्ञाला भेट. टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार एकदाही मनात आला असेल तर आजच फोन कर आणि घरात कुणाला तरी सांग.

राजीनामा सोमवारी नको. झोप नसताना घेतलेल्या निर्णयावर भरवसा ठेवता येत नाही, आणि घराचा हप्ता आहे असंही तू म्हणतोस. पण दोनदा नीट बोलूनही काही हललं नाही, किंवा शिवीगाळ होत असेल, तर दुसरी नोकरी शोधायला लाग आणि ऑफर हातात आल्यावर निघ. आठवड्याला ५५ तासांच्या वर काम जात असेल तर थांबणंही स्वस्त नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०२१ च्या अहवालात ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत अशांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी जास्त दिसला होता.

बीपी किती निघाला ते कळव. दोन आठवड्यांनी वहीतलं इथे टाक, साहेबांशी काय बोलायचं ते आपण मिळून ठरवू.